एका टेम्पोत दोघांचा कापूस

वाटणीत बैलजोडी फोडायची नसते, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. जोडी एकाला द्यावी, दुसऱ्याला गाय द्यावी, वावराचा तुकडा जास्त द्यावा, काहीही करावं. पण आम्हा दोघा भावांना तेव्हा अक्कल कुठं होती! बांधावरचा एक कडुनिंब कोणाच्या हद्दीत, यावरून आम्ही भांडलो, आणि इतके भांडलो की पंचांनी कंटाळून एक-एक बैल दोघांच्या दावणीला बांधला. तांबडा दादाचा, पांढरा माझा. बंडी, म्हणजे बैलगाडी, मात्र एकच राहिली. तिचे काय दोन तुकडे करता येतात?

त्या दिवसापासून दादाचं नि माझं बोलणं बंद. पण एका बैलानं बंडी चालते थोडीच! कापूस विकायला दिग्रसला जिनिंगच्या कारखान्यावर न्यायचा तर तांबडा आणि पांढरा एका जुवाखाली आलेच पाहिजेत. म्हणून वेचणी झाली की वहिनी माझ्या दारात येऊन म्हणायची, "भाऊजी, उद्या बंडी जुंपाची म्हणतात." मी म्हणायचो, "जुंपा म्हणावं. मी कायले नाही म्हणू?" झालं. दोन्ही घरांचा कापूस एका बंडीत, ओळखू यावा म्हणून मध्ये वहिनीचं जुनं लुगडं आडवं. पुढं दादा कासरा धरून, मागं कापसावर मी.

आणि त्या वाटेवर आम्ही बोलायचो. एकमेकांशी नाही हां! बैलांशी. दादा तांबड्याला म्हणायचा, "काहून बे, तुह्या जोडीदाराच्या मालकाची पोरगी आलती म्हणते दिवाळीले. बरी हाये का?" मी पांढऱ्याला सांगायचो, "बरी हाये म्हणा. पोट्टं झालं तिले." दादा कासरा ओढायचा. मग एकदम, "आमाले कोन सांगते, बापा!" आणि तांबड्याची शेपटी पिरगाळायचा. त्या बिचाऱ्याचा काय दोष? मी मागं तोंड फिरवून हसायचो. माझी बायको जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती, मुलगी पांढरकवड्याला नांदत होती. वर्षभरात माझ्याशी कोणी एवढं बोलत नसे, जेवढं दादा त्या तांबड्याशी बोलायचा. मी कापसाच्या दिवसांची वाट पाहायचो ती त्या वाटेसाठी. कोणाला सांगितलं असतं तर वेड्यात काढलं असतं.

मग कापसाची ती वाईट वर्षं आली. आजचा भाव उद्या राहील याचा भरवसा नाही. ज्याला-त्याला माल आधी विकायची घाई. जिनिंगच्या फाटकाशी बंड्यांची रांग लागायची आणि टेम्पोवाले बाजूनं पुढं घुसायचे. वहिनीच्या भावानं टेम्पो घेतला, आणि दादानं तांबडा विकला. मला विचारलं नाही. कशाला विचारेल? बैल त्याचा होता. सकाळी त्याची दावण रिकामी दिसली तेव्हा मला कळलं. पांढरा तिकडं तोंड करून हंबरत राहिला. "गप रे, गेला तो," म्हणून मी त्याच्यावर खेकसलो आणि मग त्याच्याच गळ्यात हात टाकून रडलो. रडलो म्हणजे रडलोच, त्यात काय लाजायचं!

दादानं मेव्हण्याचा टेम्पो केला म्हणून मी हट्टानं दुसऱ्याचा केला. माल थोडा आणि भाडं मोठं, नाकापेक्षा मोती जड. एकाच अंगणातून दोन टेम्पो निघायचे, दोन्ही अर्धे रिकामे, एकामागं एक, एकाच जिनिंगवर. पुढच्याचा धूर मागच्यानं खायचा. गावात सगळीकडं हेच चाललं होतं. शेजाऱ्याची वेचणी होईपर्यंत थांबून गाडी पुरी भरावी, एवढा दम कोणाला नव्हता. आणि वाटेत बोलणं? टेम्पोवाल्याला मी कोण, माझी पोरगी कुठं, काही ठाऊक नव्हतं. तोंड शिवल्यासारखा जायचो आणि तसाच यायचो.

एका वर्षी शहरातून एक साहेब आले. मारुतीच्या पारावर लोक जमवून त्यांनी सांगितलं की शेजाऱ्या-शेजाऱ्यांनी एकाच गाडीत माल न्यावा. डिझेल वाचतं, धूर कमी होतो, रस्ता टिकतो. सगळे माना डोलवत होते. माना डोलवायला काय लागतं? माझं डोकं तापलं. मी उठून म्हणालो, "साहेब, डिझेलचं समजलं. पन शेजाऱ्याशी बोलाचं कसं, थे सांगा ना!" लोक खो-खो हसले. साहेबही हसले. दादा कडेला बसून सुपारी कातरत होता. तो हसला नाही. मान खाली घालून कातरतच राहिला.

दादाचं ते न हसणं काही माझ्या डोक्यातून जाईना. यंदा जमलं नाही तर कधीच जमायचं नाही, असं वाटायला लागलं. सकाळी उठून वहिनीच्या दारात उभा राहिलो. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवायचं! म्हणालो, "वहिनी, दोन टेम्पो कायले पाह्यजे? एकात मावते दोघायचं. इचारा त्यायले." दादा आतच होता, सगळं ऐकत होता. वहिनी आत गेली. बऱ्याच वेळानं बाहेर आली. "भरा म्हणतात."

भरला. मध्ये पहिल्यासारखंच लुगडं टाकलं. पुढं चालवायला वहिनीचा भाऊ, मध्ये दादा, खिडकीशी मी. खांद्याला खांदा लागत होता. पण बोलायचं कोणाकडं बघून? समोर काच आणि कानाशी रेडिओ ठणाणा. बंडीला अर्धा दिवस लागायचा. इथं दोन-चार गाणी झाली नाहीत तोच दिग्रस आलं.

जिनिंगच्या वजनकाट्यावरच्या माणसानं गाडीत डोकावून लुगडं पाहिलं. "दोन माल हायेत? अलग-अलग मोजाचे का?"

दादा म्हणाला, "एकदाच मोज. एकाच घरचा हाये."

मी उगीच चाकाकडं बघत उभा राहिलो.

परतताना मी वहिनीच्या भावाला म्हणालो, "बंद कर ना बापा थो रेडिओ." त्यानं केला. आता बोलायचं, असं मी ठरवलंच होतं. नातू शाळेत जायला लागला ते सांगू. कडुनिंब तूच ठेव म्हणू. नाहीतर नुसतं 'दादा' तरी म्हणू. एकेक वाक्य ओठापर्यंत यायचं आणि परत जायचं. दादा समोर बघत होता. गाव आलं. दोघं उतरलो, तो त्याच्या दारात गेला, मी माझ्या.

आमच्या मधली भिंत एकेरी विटेची, तिकडचं सगळं इकडं ऐकू येतं. मी अजून चपलाही काढल्या नव्हत्या. वहिनी विचारत होती, "मंग? बोलले का भाऊजी?"

"नाही," दादा म्हणाला. "त्यानं रेडिओ बंद कराले लावला, तं मले वाटलं आता बोलते. गाव येईस्तोवर वाट पाह्यली मी."