टेबलाखालची होडी

पमा गेल्याचं मला माझ्याच मुलाने कळवलं. ती राहायची बोरिवलीला, मी मुलुंडला, आणि मंदार, म्हणजे तुमचे बाबा रे तन्वी-ओजस, राहतात मेलबर्नला... तरीही बातमी आधी तिकडे पोचली आणि तिकडून माझ्याकडे आली. सकाळचे साडेसात झाले होते. टेबल पुसून मी नुकताच चहा ओतला होता. मंदारचा फोन रविवारी येतो, त्यामुळे गुरुवारी वाजला तेव्हा कप तसाच ठेवून मी तो उचलला. "आई, पमामावशी गेली," एवढंच तो म्हणाला आणि पुढे त्याला बोलता येईना. पंचेचाळिशी गाठलेला माझा मुलगा फोनवर हुंदके देत होता. मी त्याला काहीबाही समजावलं. मग विचारलं, तुला कोणी सांगितलं? रूपाने, म्हणाला. रूपा ही पमाची मुलगी. आणि मी विचारलं नव्हतं तरी त्याने हेही सांगितलं, की दर शनिवारी तो पमाशी बोलायचा. दर शनिवारी. माझा वार रविवार. फोन ठेवल्यावर माझ्या मनात पहिली गोष्ट आली ती ही, की माझ्या वेळी हा इतका रडेल का. दीड महिना झाला त्याला. माझ्या वयाला हे शोभत नाही, हे मला कळतं. पण तुमच्यासाठी लिहायचं तर क्रमाने आणि खरं लिहायचं, असं मी ठरवलं आहे.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. पमा आणि मी मुलुंडच्या एका मराठी शाळेत पाचवीच्या वर्गांवर होतो. जागा कमी, मुलं जास्त, म्हणून शाळा दोन वेळा भरायची. सकाळची शाळा सवाबाराला सुटायची आणि पाऊण वाजता दुपारची भरायची. पमा सकाळच्या शाळेत, मी दुपारच्या. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, बी.ए., बी.एड.; ती मॅट्रिकनंतर शिक्षिकेचा कोर्स केलेली, माहेर मालवणकडचं, वडील गिरणीत. एरवी आमची मैत्री होण्याचं काही कारण नव्हतं. पण तिची रूपा तीन वर्षांची होती आणि माझा मंदार अडीच. आमच्या भागात तेव्हा धड पाळणाघर नव्हतं. माझ्या सासूबाई पुण्याहून प्रत्येक पत्राच्या शेवटी लिहायच्या, की नोकरी काय, नंतरही मिळेल. मी राजीनाम्याचा कागद लिहून पर्समध्ये ठेवलाही होता. तो पमाने शिक्षकांच्या खोलीत पाहिला आणि म्हणाली, "वेडी आहेस का गं? तू दुपारची, मी सकाळची. दोघींची मिळून एक आख्खी बाई होते की."

तशी ती झाली. पमाचं सासर म्हणजे भांडुपच्या चाळीतली एक खोली, त्यात पाच माणसं. म्हणून मुलं आमच्या घरी ठेवायची ठरली. पावणेसातला ती रूपाला माझ्याकडे सोडून शाळेत जायची. साडेबाराला मी दोन्ही मुलांना घेऊन शाळेच्या मागच्या फाटकाशी उभी राहायची. ती बाहेर यायची, मी आत जायची. मधल्या दहा मिनिटांत मुलं, घराची किल्ली आणि मी लिहिलेली चिठ्ठी तिच्या हातात जायची. किती वाजता दूध, किती पोळी, खोकल्याचं औषध कधी... सगळं क्रमांक घालून. ती चिठ्ठी न वाचता पिशवीत टाकायची आणि मंदारला विचारायची, "जेवलास काय रे पोटभर?" एकदा मी रागावले तर म्हणाली, "तुझ्या घरात भूक माणसांना लागते का घड्याळाला?" तेव्हापासून तिने माझं नाव घड्याळबाई ठेवलं. मुलांनीही ते लगेच उचललं.

तुम्हाला एक सांगते, मुलं सांभाळण्यात सगळे तास सारखे नसतात. माझ्या वाट्याला सकाळ आली होती. सकाळ म्हणजे दात घासणं, शी-शू, डोळ्यांत जाणारा साबण, नखं, औषध, आणि "आटप, आटप." मुलांना आंघोळ घालून, भरवून, कपडे चढवून मी छान तयार करायची आणि पमाच्या हवाली करायची. तिच्या वाट्याला दुपार. जेवण झालेलं, औषध झालेलं, पुढे नुसती झोप आणि खेळ. मला वाटायचं, कष्टाचे तास माझे आणि लाडाचे हिचे. पोर मग तिचंच होणार की.

संध्याकाळी सहाला मी घरी यायची तेव्हा जेवणाच्या टेबलावरून जमिनीपर्यंत चादर सोडलेली असायची. ती होडी. खुर्चीवर पमा पुस्तक वाचत बसलेली, चादरीच्या आत तिचे अनवाणी पाय आणि पायांशी दोन मुलं. दुपारी मुलं तिथेच झोपायची, घरात सागवानी खाट असताना, फरशीवर. वाचताना पाय हलवायची पमाला सवय होती. त्याबरोबर साडीचा काठ हलायचा, आणि तो मुठीत धरल्याशिवाय मंदारला झोप येत नसे. एकदा मी चादर बाजूला करून आत डोकावले तर मंदार घाईने म्हणाला, "आई, तू येऊ नको, इथे पाणी आहे." पमा हसली. "चपला काढ आणि ये गं. बुडायची नाहीस." मला भात लावायचा होता. मी स्वयंपाकघरात गेले.

पमा वाचायची ती पुस्तकं बी.ए.ची होती. बाहेरून परीक्षा द्यायचं तिने मनावर घेतलं होतं, म्हणजे पुढे हायस्कूलचे वर्ग मिळाले असते. चाळीतल्या खोलीत अभ्यास शक्यच नव्हता. मुलं झोपली की दोन ते चार, माझ्या शांत घरात, माझ्या टेबलावर, एवढीच तिची वेळ. हे मला पक्कं माहीत होतं, कारण तिचे इंग्रजीचे निबंध मीच तपासून द्यायची. हे वाक्य मी मुद्दाम इथे लिहिते आहे. मला माहीत होतं.

मार्च महिन्यात एके दिवशी फाटकाशी खडीवर मंदार पडला. गुडघा फुटला, रक्त आलं. मी त्याच्यापासून दोन हातांवर होते, हात पुढे केलेले होते. तो उठला, माझ्या शेजारून पळत गेला आणि नुकत्याच बाहेर येणाऱ्या पमाला जाऊन बिलगला. तिने त्याला उचललं आणि माझ्याकडे पाहिलं. "अगं, तिथे आई आहे ना, आईकडे जा," असं ती त्याला म्हणालीसुद्धा. ते तर मला आणखीच लागलं. शाळेची घंटा झाली होती. मी आत गेले, पाचवीला फळ्यावर स्पेलिंगं लिहून दिली आणि मुलं ती उतरवून घेत असताना खुर्चीवर बसून मुख्याध्यापिकाबाईंना अर्ज लिहिला. प्रकृतीच्या कारणास्तव मला सकाळची शाळा मिळावी. माझ्या प्रकृतीला काहीही झालेलं नव्हतं.

जूनमध्ये आमची अदलाबदल झाली. बाईंनी ती कशी जमवली, मी विचारलं नाही. पमा माझ्या टेबलावरची तिची वर्तमानपत्राची कव्हरं घातलेली पुस्तकं पिशवीत भरून घेऊन गेली. सकाळी दोन्ही मुलं जागी आणि त्यांच्या आंघोळी असताना कसला अभ्यास होणार? टेबल रिकामं झालं, स्वच्छ दिसू लागलं. दुपार आता माझी होती. मी वेळापत्रक केलं. दोन ते चार झोप, खाटेवर. चारला दूध, मग अक्षरं गिरवणं, पाचला गॅलरी. आणि मंदार खाटेवर पडून छताकडे बघत विचारायचा, "सकाळ कधी होणार?" कारण पमाने माझ्या त्या रुक्ष सकाळची जत्रा करून टाकली होती. आंघोळीच्या बादलीत भरती-ओहोटी यायची. कापलेल्या नखांना ती चंद्र म्हणायची, आणि जास्त चंद्र कोणाचे यावरून दोघं भांडून नखं कापून घ्यायची. माझ्याकडे नखं म्हटलं की हात पाठीमागे जात... तासांचा काही दोष नव्हता, हे मला पंधरा दिवसांत कळलं. पण अर्ज मागे घ्यावा असं मनात आलं नाही, हेही खरं.

एका दुपारी मंदारने स्वतःच टेबलावर चादर ओढली आणि मला म्हणाला, "तू पमामावशीच्या खुर्चीवर बस." मी बसले. चपला काढल्या. तो आणि रूपा खाली जाऊन झोपले. त्याची मूठ माझ्या साडीच्या काठावर आली, तेव्हा मी श्वाससुद्धा हळू घेत होते. थोड्या वेळाने मूठ सुटली. "तुझे पाय हलत नाहीत," तो म्हणाला. मी हलवायला लागले, पण तोवर तो बाहेर निघाला होता.

पुढे मुलं शाळेत जाऊ लागली आणि आमची ती आख्खी बाई मोडली. पमा बी.ए. झाली, पण सात वर्षांनी. पेढे घेऊन आधी माझ्याकडे आली, टेबलावर पुडा ठेवला, टेबलावरून हात फिरवला आणि हसत म्हणाली, "याच्यावर झालं असतं तर आधीच झालं असतं गं." मी चहा टाकायला उठले. हायस्कूलचे वर्ग तोवर दुसऱ्यांना मिळाले होते. निवृत्त होईपर्यंत ती पाचवीवरच राहिली आणि मी पर्यवेक्षिका झाले.

या हिवाळ्यात मी तिला भेटायला बोरिवलीला गेले. फार खंगली होती. उशांना टेकून बसली होती, पण चादरीखाली पाय हलत होते. बेचाळीस वर्षं जे बोलले नव्हते ते मी त्या दिवशी सांगितलं; ती अदलाबदल मी मागितली होती, प्रकृतीचं खोटं होतं. मला वाटलं, ती गप्प होईल किंवा रडेल.

"मग?" पमा म्हणाली. "अदलाबदलीच्या कागदावर सही माझीच होती ना. बाईंनी बोलावून विचारलं, तुम्हाला चालेल का, नाहीतर मी अर्ज फेटाळते. मी म्हटलं, तिका दुपार होयी तर देऊन टाका."

म्हणजे माझ्या अर्जाने काहीच झालं नव्हतं. दुपार तिने मला दिली होती, आपली बी.ए. बाजूला ठेवून, आणि इतकी वर्षं मी ती मिळवली असं समजत होते. मी तिचे आभार मानायला हवे होते. मला राग आला. यातही हीच पुढे, असंच वाटलं. ते तिने ओळखलं असावं, कारण माझा हात धरून म्हणाली, "घड्याळबाई, एवढी दुपार मागून घेतलीस, आणि पोराला नुसतं झोपवत बसलीस." मग दोघीही हसलो, मी जरा उशिरा.

परवा रविवारी मंदार म्हणाला, "आई, ते टेबल काढू नकोस. होडीत कोण कोण बसलंय त्यांची नावं पमामावशीने खालच्या बाजूला पेन्सिलीने लिहिली होती." बेचाळीस वर्षं मी ते टेबल पुसते आहे आणि मला हे ठाऊक नव्हतं. नावं कोणती, हे मी त्याला विचारू शकले असते. विचारलं नाही. माझे गुडघे आता वाकत नाहीत, आणि घरकामाच्या बाईला खाली शिरून वाच म्हणायला लाज वाटते. दिवाळीत तुम्ही याल तेव्हा आधी टेबलाखाली जा आणि काय लिहिलंय ते मला मोठ्याने वाचून दाखवा. माझं नाव नसलं तर बरं वाटावं म्हणून घालून वाचू नका. पमाने तसं केलं नसतं. तोवर मी रोज सकाळी ते पुसते आहे, नेहमीसारखं, फक्त वरून.