ज्याने फक्त कपडे सांभाळले

नोकरीत खून बरेच पाहिले. त्यातले बहुतेक आता एकमेकांत मिसळून गेलेत. कुठला पंचनामा कुठल्या गावचा, हेही कधीकधी सांगता येत नाही. ही घटना मात्र आजही जशीच्या तशी डोळ्यांपुढे उभी राहते. त्याला कारण खून नाही. कारण आहे एका वेल्डरने चौकशीच्या खोलीत मला सांगितलेली एका संताची गोष्ट. या घटनेतली माणसं हयात आहेत, म्हणून कोणाचंही नाव घेत नाही.

नांदगाव खंडेश्वरच्या बाजूला एका ठाण्याचा प्रभारी म्हणून मी रुजू झालो, तेव्हा दर बाजाराच्या दिवशी एक म्हातारी बाई येऊन बाकावर बसायची. हवालदार तिला पाणी द्यायचा. ती पाणी प्यायची आणि एकच प्रश्न विचारायची, "साहेब, माह्या लहान्याचं काही लागलं काय?"

लहान्या म्हणजे तिचा धाकटा मुलगा. त्याचं बिछायत केंद्र होतं; लग्नाकार्याला मंडप, खुर्च्या, साउंड पुरवायचा. काही वर्षांपूर्वी तो त्याच्याच गावाशेजारी, वावराच्या धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, मरून पडलेला सापडला. डोक्याला मार होता. त्याची मालवाहू ऑटो जवळच रस्त्यावर उभी होती, त्यामुळे लग्नाचं काम आटोपून तो गावापर्यंत पोचला होता असंच सगळ्यांनी धरलं. त्या धुऱ्यावरून त्याचं आणि थोरल्या भावाचं भांडण सगळ्या गावाला माहीत होतं, त्यामुळे थोरल्याला अटक झाली. पुरावा मिळाला नाही, त्याला सोडावं लागलं. शेवटी 'अ समरी' दाखल झाली. गुन्हा खरा, पण आरोपी सापडत नाही, असा तिचा अर्थ.

कागदावर थोरला सुटला, गावात सुटला नाही. आई धाकट्याच्या रिकाम्या घरात एकटी राहायची. थोरल्याचं घर त्याच गल्लीत होतं, पण तिने त्याच्या दारात पाऊल टाकलं नव्हतं. मी त्याला एकदा बोलावून घेतलं होतं. चांगला धिप्पाड माणूस, पण खुर्चीच्या कडेवर बसला. म्हणाला, "साहेब, माह्यावर खटला चालला असता तं बरं झालं असतं. कोर्टानं तरी सांगितलं असतं का यानं नाही केलं म्हणून. आता कोन सांगीन?"

मी त्याला चहा पाजून घरी पाठवलं.

त्यानंतर काही महिन्यांनी गावातली चार तरणी पोरं तक्रार घेऊन आली. अमरावतीचा एक ख्रिस्ती माणूस दर रविवारी दुपारी मोटरसायकलवर येतो, म्हातारीच्या घरी जातो, तिला बाटवतोय, असं त्यांचं म्हणणं होतं. अशा तक्रारीत पोलिसाने फार जपून पावलं टाकायची असतात. मी पोरांना सांगितलं, तुम्ही कोणी त्याच्या अंगाला हात लावायचा नाही, मी बघतो. आणि साध्या कपड्यांत स्वतः गेलो.

म्हातारीने सगळं दाखवलं. वर नवीन पत्रे बसवलेले, न्हाणीला लोखंडी दार, अंगणात हातपंपाचा दांडा जोडून दिलेला. मी विचारलं, "धर्माचं काही सांगते काय तो?"

"नाही बाप्पा. तो बोलतच नाही. म्या चा ठेवला तं पेत नाही. पैसे देल्ले तं घेत नाही. काम करते अन् जाते."

"मग येतो कशाला?"

"म्या इचारलं होतं. म्हणे, आमच्या संताची सेवा हाये."

परत येताना माझ्या मनात तेच घोळत होतं. ज्याला माणूस आपल्या धर्मात ओढायचा आहे तो बोलतो, गोड बोलतो, चहा पितो, पुन्हा येतो. हा गप्प राहत होता. अमरावतीहून एवढ्या लांब, वाटेत शंभर गरजू घरं सोडून, तो याच घरी का यायचा? सेवा करणारा माणूस सहसा एकाच दारावर अडून बसत नाही. मी पोरांची तक्रार बाजूला ठेवली आणि म्हातारीच्या मुलाचे जुने कागद पुन्हा काढले.

चौकशी केली तेव्हा कळलं, त्या ख्रिस्ती माणसाचं बडनेऱ्याच्या रस्त्याला वेल्डिंगचं दुकान आहे. घराणं जुनं ख्रिस्ती, पिढ्यान्‌पिढ्या वऱ्हाडातलं. तरुणपणी हा दारू, मारामाऱ्या, वरातीत नाचणं यात बुडालेला. मग अचानक सगळं सुटलं. शहराच्या कडेला संत पौलाचं एक छोटं चॅपल आहे, तिथे रोज सकाळी जाऊन बसायला लागला. शेजारीपाजारी कौतुक करायचे. "संतानं सुधरवला," असं त्याची बायकोच मला म्हणाली. कधीपासून, असं विचारल्यावर तिने जो उन्हाळा सांगितला, तो म्हातारीचा मुलगा गेला तोच उन्हाळा होता.

मी चॅपलमध्ये गेलो. भिंतीवर संताचं चित्र होतं. घोडा बिथरलेला, माणूस जमिनीवर पडलेला, डोळे मिटलेले, वरून प्रकाश. तिथले फादर वयस्क होते, शांत. मी ओळख सांगितली आणि वेल्डरचं नाव घेतलं. ते म्हणाले, "साहेब, माझ्याकडे पापनिवेदनात कोण काय बोलतं ते मी मेलो तरी सांगणार नाही. त्यामुळे मला विचारून तुमचा वेळ घालवू नका. त्याला विचारा." एवढंच बोलले. मी आग्रह धरला नाही. प्रत्येक पेशाचा एक नियम असतो आणि तो पाळणारा माणूस मला आवडतो.

वेल्डरला रीतसर नोटीस देऊन बोलावलं. तो ठरल्या वेळेच्या आधीच येऊन बसला होता. ठाण्यात बोलावलेला माणूस, गुन्हेगार असो वा नसो, पहिल्यांदा विचारतो, "काहून बोलावलं साहेब?" याने विचारलं नाही. हे मी मनात नोंदवलं.

पहिला अर्धा दिवस काही हाती लागलं नाही. म्हातारी कोण? ओळखीची. ओळख कशी? तिचा मुलगा माहीत होता का? मान खाली. माझा हवालदार अस्वस्थ व्हायला लागला, त्याला मी बाहेर पाठवलं. आवाज चढवला की बोलता होणारा माणूस वेगळा असतो. हा त्यातला नव्हता. जेवण मागवलं. त्याने डबा उघडला नाही. मी माझा डबा खाल्ला आणि सहज बोलल्यासारखं विचारलं, "तुमच्या त्या संताचं चित्र पाहिलं मी. घोड्यावरून पडला, आंधळा झाला, आणि मग सुधारला. असंच ना?"

सकाळपासून पहिल्यांदा त्याने माझ्याकडे नीट पाहिलं.

"ते सगळ्याले माहीत रायते साहेब. दिमिष्क नावाच्या गावाच्या वाटेवर उजेड पडला, आवाज आला. त्याच्या आधीचं कोनी सांगत नाही."

"आधीचं काय?"

"त्याचं नाव तवा शौल होतं. येशूच्या लोकायले धरून देत होता. स्तेफन नावाचा एक भला माणूस होता. त्याले लोकायनं गावाबाहेर नेलं अन् दगडानं ठेचून मारलं. मारनाऱ्यायनं आपआपले अंगरखे काढले अन् शौलाच्या पायापाशी ठेवले. यानं एकबी दगड मारला नाही. नुसते कपडे सांभाळले. अन् पायत राह्यला."

मी विचारलं, "तू कोणाचे कपडे सांभाळलेस?"

तो रडला नाही. टेबलावर दोन्ही हात पालथे ठेवले आणि म्हणाला, "जॅकेट होते साहेब. लग्नाचे. नवे होते, खराब होतीन म्हणून माह्या हातात देल्ले."

मग त्याने सगळं सांगितलं. एका मित्राच्या लग्नाची वरात होती, दुपारची. साउंड या धाकट्याचा. वरात एका बाळंतिणींच्या दवाखान्यासमोर आली तेव्हा त्याने आवाज बंद केला. नवरदेवाचे दोन मित्र चिडले, "आमचं नाचनं काहून बंद केलं?" तो म्हणाला, दवाखाना ओलांडला की लावतो. लावलाही. पण दोघांच्या डोक्यात राग राहिला, पोटात दारू होती. दिवस मावळताना तो लग्नाच्या गावाबाहेर नाल्याजवळ एकटा सामान भरत होता, तेव्हा ते दोघे आणि वेल्डर तिथे गेले. दोनचार थापडा मारू, असं ठरलं होतं. एकाने मंडपाचा पाइप उचलला. नंतर घाबरून त्यांनी त्याला त्याच्याच गाडीत टाकलं, गाडीवर लिहिलेल्या त्याच्या गावाजवळ आणलं आणि रस्त्यालगतच्या धुऱ्यावर ठेवून दिलं. तिथे भावाभावांचा वाद आहे, हे त्यांना माहीतही नव्हतं.

"तेव्हा तो मेला होता?"

"नाही साहेब. त्यानं पाणी मागलं. म्या आयकलं. ते दोघं म्हणे चाल, म्हणून म्या चाललो."

पोलिसापुढे दिलेली कबुली न्यायालयात चालत नाही, हे मी त्याला त्याच वेळी सांगितलं. तो दंडाधिकाऱ्यांपुढे बोलायला तयार होता. न्यायालयाच्या परवानगीने तपास पुन्हा उघडला आणि त्याला अटक केली. पाइप टाकल्याची विहीर त्याने दाखवली आणि पंचांसमक्ष गाळ उपसून तो काढला. बिछायतवाले आपलं सामान दुसऱ्याच्या सामानात मिसळू नये म्हणून पाइपांवर आपापल्या रंगाचे पट्टे मारतात. गंज चढला होता, तरी हिरवा पट्टा दिसत होता. तो ओळखला थोरल्या भावानेच. पट्टे मारताना तो धाकट्याला मदत करायचा. लग्नाच्या शूटिंगमध्ये दवाखान्यासमोरची बाचाबाची मिळाली. दोघांपैकी एक अमरावतीतच होता, दुसऱ्याला अकोटला कापसाच्या एका जिनिंग कारखान्यातून कामावरून उचललं. दोघांनीही तोंड उघडलं नाही.

सरकारी वकिलांनी सांगितलं, हाणामारी पाहणारा हा एकच. याला माफीचा साक्षीदार केलं नाही तर केस उभी राहणार नाही. मी तुरुंगात जाऊन वेल्डरला हे समजावलं. त्याने साफ नकार दिला.

"मले माफी नको. शिक्षा पायजे."

"तू आरोपी म्हणून राहिलास तर ते दोघे सुटतील."

"सुटू द्या. माहा हिशोब मले चुकता करू द्या. माह्या संतानं येशूपायी मान कापून घेतली साहेब, पयून नाही गेला."

मी धर्माचा जाणकार नाही. पण त्या दिवशी मला जे वाटलं ते बोललो. "तुझा संत नंतर गावोगाव फिरून आपण काय केलं ते स्वतःच्या तोंडाने सांगत होता ना? ते आधी कर. तुला शिक्षा हवी आहे ती तुझ्यासाठी. तिकडे एक माणूस भावाच्या खुनाचा डाग घेऊन गावात फिरतोय. तू पत्रे ठोकत होतास तेव्हा तो त्याच गल्लीत राहत होता. त्याला तू काय दिलंस?"

दुसऱ्या दिवशी फादर त्याला भेटून आले. काय बोलले ते मी विचारलं नाही. आठवड्याच्या आत त्याने माफी स्वीकारली. माफीच्या साक्षीदारालाही खटला संपेपर्यंत तुरुंगातच राहावं लागतं, हे कळल्यावर त्याचा चेहरा जरा सैल झाला असं तुरुंगाधिकाऱ्याने मला सांगितलं.

साक्षीत त्याने स्वतःला कुठेच वाचवलं नाही. बचावाच्या वकिलांनी खोदून विचारलं, "तुम्ही हात लावला नाही म्हणता, मग केलं काय?" त्याने उत्तर दिलं, "पायत राह्यलो." पाण्याचंही सांगितलं. दोघांना शिक्षा झाली. निकालाच्या दिवशी थोरला भाऊ कोर्टाच्या पायऱ्यांवर बसून राहिला होता. गावचे दोघेतिघे त्याच्याशी बोलायला आले. तो उठला आणि त्यांच्याकडे न बघता बस स्टँडकडे चालू लागला.

वेल्डर सुटला तोपर्यंत मी निवृत्त झालो होतो. त्याचा फोन आला, म्हातारीकडे जायचं आहे, तुम्ही येता का? मी गेलो. ती आता थोरल्याच्या घरी होती. थोरल्याने आम्हाला पाहिलं, आत या म्हटलं नाही, जा असंही म्हटलं नाही. म्हातारी ओसरीवर आली. वेल्डर उभाच होता, हात जोडून.

ती म्हणाली, "तू माह्या घरी एवढ्या खेपा येत होता. तवाच काहून नाही सांगितलं?"

"हिंमत नव्हती माय."

"तुही हिंमत नाही झाली त्यापायी म्या माह्या जित्या पोराच्या हातचं पाणी पेली नाही रे. एक तं गेलाच होता. दुसरा बी म्या जिता असून मारला."

थोरला आत गेला. वेल्डर जागचा हलला नाही. मग म्हातारी म्हणाली, "सांगितलं ते बरं केलं. आता येत जाऊ नको. माहा पोरगा हाये माह्यापाशी."

परतीच्या रस्त्यात त्याने एकदाच विचारलं, "साहेब, त्यायनं माफ केलं का नाही?" मी म्हणालो, मला माहीत नाही, आणि ते विचारायचा हक्क आपल्याला नाही. त्याने मान डोलावली. आजही तो सकाळी चॅपलमध्ये जातो असं कळतं. लोक त्याला आता थोडं टाळतात. पूर्वी ज्याचं कौतुक होतं तो माणूस खरं बोलल्यावर लोकांना नको झाला, हेही मी पाहिलं.

या प्रकरणाने मला दोन गोष्टी दिल्या. नंतर अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणात बोलायची वेळ आली की मी सांगायचो, मारहाणीच्या गुन्ह्यात मारणाऱ्यांच्या मागे धावा, पण त्यांच्या वस्तू कोणाच्या हातात होत्या तेही शोधा. तो माणूस घाबरलेला असतो, जागा असतो, आणि बहुतेक वेळा त्याला बोलायचं असतं. दुसरी गोष्ट प्रशिक्षणात सांगण्यासारखी नाही. पश्चात्ताप झालेला माणूस आधी स्वतःच्या मनाला बरं वाटेल ते करतो, आणि त्यात त्याची वर्षं जातात. ज्याचं नुकसान झालं त्याला नेमकं काय हवं आहे, हे विचारायला सगळ्यात जास्त हिंमत लागते. त्या म्हातारीला पत्रे नको होते. तिला फक्त एवढंच कळायला हवं होतं की तिच्या थोरल्याने काही केलेलं नाही.