वरच्या वाडीचं दूध

डामसे भाऊ कुणाच्याही घरचं पाणी तपासल्याशिवाय पीत नसत. लग्न असो, बारसं असो, तांब्या पुढं आला की शर्टाच्या खिशातून काचेची बारकी नळी निघायची. तिच्यात पाणी घ्यायचं, छोट्या बाटलीतले दोन थेंब सोडायचे आणि नळी उजेडाला धरायची. पाणी पिवळं झालं तर त्यात क्लोरीन आहे, मग प्यायचं. नाही झालं तर हसून म्हणायचे, "च्याच टाका वहिनी, उकळलेला बरा." पुतण्यासाठी मुलगी बघायला गेले तिथंही त्यांनी नळी काढली. मुलीचा बाप तापला. म्हणाला, पावणं, पोरगी बघाया आलाय का इहीर तपासाया? भाऊ म्हणाले, "पोरगी पसंतच हाय. इहिरीचंच बघायचं ऱ्हायलंय." सोयरीक जमली. हळदीच्या आधी विहिरीत ब्लीचिंग पावडरही पडली.

या शिस्तीला एकच घर अपवाद होतं. वरच्या वाडीतल्या ठकूबाईचं. तिथं भाऊ नळी काढत नसत. ओट्यावर टेकायचे, ठकूबाई तांब्या आणायची, भाऊ मान वर करून घटाघटा प्यायचे. रोज हंड्यात औषध टाकणारी साऱ्या डोंगरात एकच बाई, असं ते कौतुकानं सांगत.

आंबेगावच्या पश्चिमेला, डोंगराच्या पोटात आमचं आरोग्य केंद्र. भाऊ तिथं आरोग्य सेवक. तीस वर्षं त्याच वाड्या, त्याच वाटा. मी तिथं आले ती कोविडनंतर, कंत्राटी डेटा ऑपरेटर म्हणून. मी निमगाव सावाची. आमच्या घरात दहावीच्या पुढं गेलेली मी पहिली, पदवी घेतलेलीही पहिली, आणि ही गोष्ट मी कुणाला विसरू देत नसे. भाऊंनी पहिल्याच दिवशी विचारलं, ताई, कुठवर शिकला? मी बी.एस्सी., संख्याशास्त्र, असं जरा मोठ्यानंच सांगितलं. भाऊ म्हणाले, "झ्याक झालं. आमच्यात मोजणारं कुणी नव्हतं."

दर वर्षी पावसाळ्याआधी प्रत्येक केंद्राला साथरोग आराखडा करावा लागतो. गॅस्ट्रो, कावीळ, डेंगी, काही आलं तर कुठलं गाव जोखमीचं, पावडरीचा साठा किती, सलाईन किती, गाडी कुठली, फोन कुणाला करायचा. कोविडनंतर या आराखड्याला वजन आलं आणि तो संगणकावर भरून तालुक्याला पाठवायचा हुकूम निघाला. तोवर तो भाऊंच्या वहीत होता. लांबडी, कापडी पुठ्ठ्याची वही. सरकारी नमुन्याचे चौदा रकाने पट्टीनं आखलेले, आणि शेवटी भाऊंनी स्वतः काढलेला पंधरावा. त्याचं नाव 'निरोप'.

त्या रकान्यात प्रत्येक वाडीपुढं एका बाईचं किंवा बाप्याचं नाव आणि दुधाची किटली. वाड्यांमधलं दूध रोज सकाळी खाली सडकेवर येतं, तिथून संतोषची दूधगाडी ते उचलते. गाडी आमच्या फाटकापाशी थांबायची आणि कुठल्या वाडीचं आलं, कुठल्या वाडीचं नाही, ते संतोष ओरडून सांगायचा. वरच्या वाडीपुढं लिहिलेलं होतं, 'ठकूबाई. दूध आले नाही तर त्याच दिवशी जाणे.' भाऊंचं म्हणणं साधं होतं. "आजारी माणूस फोन करत न्हाई, ताई. रेंज शोधाया खडकावर कोण चढंल? पर दूध थांबतंय. दूध न्हाई आलं म्हंजी माणसं पडल्यात."

मी तो रकाना काढून टाकला. सरकारी नमुन्यात चौदाच रकाने बसत होते हे खरं, पण खरं कारण वेगळं होतं. सरकारच्या आराखड्यात दुधाची किटली मला शोभत नव्हती. संपर्काच्या रकान्यात प्रत्येक वाडीच्या ग्रामपंचायत सदस्याचं नाव आणि मोबाईल नंबर मी नीट भरला होता आणि माझ्या मते काम चोख झालं होतं. भाऊंना सांगितलं तेव्हा ते पडद्याकडं बघत राहिले. मग म्हणाले, "तुमी शिकलेल्या. बसत नसंल तर नका बसवू. संतूला इचारत जावा म्हंजी झालं."

त्या श्रावणात भाऊंची नेमणूक भीमाशंकरला झाली, यात्रेच्या पाणी तपासणीवर. पाऊस असा की डोंगर दिसत नव्हता. एका सकाळी संतोष फाटकातून ओरडला, वरच्या वाडीचं नाय आलं. मी संगणकावरचा आराखडा उघडला, संपर्काचा रकाना बघितला आणि सदस्याला फोन लावला. तो म्हणाला, सगळं ठीक आहे, पावसामुळं दूध राहिलं असेल. मी तसं रजिस्टरात लिहिलं. दुसऱ्या दिवशीही दूध आलं नाही. ओढ्याला पाणी असेल असं मीच मनाशी म्हटलं.

दुपारी भाऊंचा फोन आला. दोन दिवस त्यांना रेंज नव्हती. त्यांनी माझी खुशाली विचारली नाही की पावसाचं बोलले नाहीत. दूध आलं का, एवढंच विचारलं. मी सांगितलं, आणि फोन केल्याचंही सांगितलं. कुणाला केला, त्यांनी विचारलं. मी नाव घेतलं.

"आवं, तो पोरांच्या शाळंसाठी मंचरला ऱ्हातो." मग म्हणाले, "डाक्टर मॅडमला सांगा, गाडी काढा. म्या निघालो."

आम्ही पोचेपर्यंत बावीस घरांच्या वाडीत एकोणीस माणसं जुलाब-उलट्यांनी पडली होती. ओढ्याचं पाणी विहिरीत शिरलं होतं. शाळेच्या खोलीत वाशांना सलाईनच्या बाटल्या टांगल्या. अठरा जण उठले. ठकूबाईचा नवरा, धर्माबाबा, शेतावर ओढ्याचं पाणी प्यायला होता. तो आम्ही पोचायच्या आधी, त्याच पहाटे गेला होता. एक दिवस आधी आलो असतो तर तोही उठला असता. हे मला कुणी सांगायला नको होतं. एवढं गणित मला येत होतं.

भाऊ भिजलेले, भीमाशंकरच्या वाटेनं तसेच आले. ठकूबाई त्यांच्याकडं बघून म्हणाली, "दूध न्हाई गेलं, तवा म्हणलं भाऊ येतीलच. म्हणून म्या ह्यांला सोडून खाली उतारले न्हाई." बस, एवढंच. त्यानंतर ती त्यांच्याशी बोलली नाही.

अहवालात एक ओळ असते, विलंबाचे कारण. मी तिथं माझं नाव लिहायला घेतलं. भाऊंनी पेनच काढून घेतलं आणि लिहिलं, 'आरोग्य सेवकाने पाठपुरावा केला नाही.' मी भांडले. निरोप माझ्याकडं आला होता, चूक माझी आहे, मी काय लहान आहे का, असं बरंच बोलले. भाऊंनी सगळं ऐकून घेतलं.

"तिला राग धराया कोण तरी लागतंय," ते म्हणाले. "माझ्यावर धरला तर माझ्यापाशी ऱ्हाईल. तुमी नव्या. तुमच्यावर धरला तर त्यो दवाखान्यावर जाईल, आन् मग त्या वाडीचा निरोप कंदीच खाली यायचा न्हाई. गप ऱ्हावा."

नोटीस आली. भाऊंनी ती घडी करून वहीत ठेवली.

पुढं दर आठवड्याला ते विहिरीच्या पावडरीसाठी वर जात राहिले. मीही दोनदा गेले. ते सवयीनं ठकूबाईच्या ओट्यावर टेकायचे. ती आत निघून जायची. हंड्यात औषध होतं, तिनं ते कधी चुकवलं नाही, पण तांब्या बाहेर आला नाही. दुसऱ्या वेळी मी तोंड उघडणार होते. भाऊंनी नुसतं बघितलं आणि मी गप्प झाले. उतरताना वाटेत त्यांनी आपल्या बाटलीतलं पाणी प्यायलं. "तिच्या घरचं पाणी लई ग्वाड व्हतं," म्हणाले, आणि चालू लागले.

पुढच्या वर्षीच्या आराखड्यात मी चौदावा रकाना नीट बघितला. त्याचं नाव 'शेरा'. तालुक्यातलं प्रत्येक केंद्र तो कोरा सोडतं. मी तिथं वाडीवार किटल्या भरल्या. भाऊंनी चष्मा लावून सगळी पानं वाचली आणि एवढंच म्हणाले की, बसलं की ओ.

निवृत्त झाले त्या दिवशी त्यांनी मला नळी आणि थेंबांची बाटली दिली. वही तर तुमच्या कंपूटरात हायच, म्हणाले. पण सकाळी आठला त्यांचा फोन येतच राहिला. नोकरी संपली होती, प्रश्न संपला नव्हता. दूध आलं का? मी सांगायचे, आलं, सगळ्यांचं आलं. मग ते 'बरं' म्हणायचे आणि फोन ठेवायचे. कधी कधी मी वैतागायचे. आता वाटतं, त्या 'बरं'साठीच मी कामावर लवकर येत होते.

गेल्या मार्गशीर्षात फोन थांबला. सकाळी अंगणात बसल्या जागी गेले.

दशक्रिया नदीच्या घाटावर होती. माइकवर भाषणं चालू होती. कुणी त्यांना आरोग्यदूत म्हणालं, कुणी देवमाणूस. मांडवाच्या कडेला पाण्याचं निळं पिंप होतं आणि लोक त्यात पेले बुडवत होते. मी नळी काढली. दोन थेंब. पाणी होतं तसंच राहिलं. पर्समधलं क्लोरीन मोजून पिंपात टाकलं, झाकण लावलं आणि सांगितलं, अर्धा तास कुणी पाणी पिऊ नका. भाऊंचा चुलतभाऊ कुजबुजला, ताई, आजचा दिस तरी ऱ्हाऊ द्या की.

मागून आवाज आला, "थांबत्याल की माणसं. अर्धा तास तर हाय."

ठकूबाई होती. ती घाटाच्या पायरीवर बसली, मीही बसले. त्या अर्ध्या तासात मी तिला सगळं सांगितलं. दुधाचा निरोप माझ्याकडं आला होता. रकाना मी काढला होता. ती नदीकडं बघत ऐकत राहिली.

"त्यांनला ठावं व्हतं?"

"हो मावशी. कागदावर त्यांनी स्वतःचीच चूक लिहिली."

मग म्हणाली, "तीन वरसं म्या त्या माणसाला पाणी इचारलं न्हाई."

अर्धा तास झाला. मी नळी उजेडाला धरली. पिवळं. ठकूबाई उठली, पहिला पेला तिनं भरला आणि भाषण चालू असताना मांडवातून सरळ पुढं जाऊन फोटोपुढं ठेवला. "घ्या भाऊ," म्हणाली, "पिवळं झालंय."

परत येताना तिनं मला पाणी विचारलं नाही. मी माझ्या हातानं घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी संतोष फाटकातून ओरडला, वरच्या वाडीचं आलं. आठ वाजले होते. फोन हातात घेऊन मी थोडा वेळ तिथंच उभी राहिले.