शंभर मैलांचं अंदाजपत्रक

मुलगी कॉलेजसाठी दुसऱ्या राज्यात गेली, त्या वर्षी टेक्सासमधल्या फ्रिस्कोच्या घरातली आमची मिनीव्हॅन एकदम मोठी वाटायला लागली. बायकोने ती विकायला काढली आणि जेवताना जाहीर केलं, की आता ती स्वतःसाठी गाडी घेणार आहे. जर्मन, चार दारांची, गडद निळी. निर्णय झालेला होता. माझ्याकडून फक्त ‘वा’ अपेक्षित होतं, आणि ते मी म्हटलं.

ती नागपूरला मेकॅनिकल इंजिनिअर झाली आणि त्यानंतर वीस वर्षं तिने बँकांच्या सॉफ्टवेअरवर काम केलं. या काळात तिने हात लावलेलं सर्वांत मोठं यंत्र म्हणजे आमच्या गॅरेजचं दार. गाडीची तिची हौस या हिशेबाने बरीच जुनी आणि बरीच थकलेली होती.

कंपनीची त्या वेळी एक योजना होती. गाडी इथल्या डीलरकडे बुक करायची, पैसे इथेच भरायचे, पण ताबा घ्यायला जर्मनीतल्या कारखान्यात जायचं. तिथे ती थोडी चालवायची, परत कंपनीच्या हवाली करायची, आणि मग ती जहाजाने अमेरिकेत यायची. या उपद्व्यापाबद्दल ग्राहकाला किमतीत पाच हजार शंभर डॉलरची सूट होती. बायकोने स्वतःलाच अट घातली. सगळा प्रवास या पाच हजार शंभरांत बसला तर जायचं. एक डॉलर जरी वर गेला, तर शेजारच्या प्लेनोतल्या डीलरकडून गाडी उचलायची आणि विषय संपवायचा.

तिला कारखाना पाहायचा नव्हता, किल्ले पाहायचे नव्हते. तिला तासाला शंभर मैल जायचं होतं, म्हणजे एकशे साठ किलोमीटर. तिकडच्या काही हमरस्त्यांवर वेगाला मर्यादा नाही, हे तिने कॉलेजात असताना वाचलं होतं. त्याहून जास्त का नाही, असं मी विचारलं, तेव्हा तिने मला गाडीचं माहितीपुस्तक दाखवलं. नव्या इंजिनाला सुरुवातीला एकशे साठच्या वर नेऊ नये, असं त्यात छापलं होतं.

“म्हणजे वेडेपणासुद्धा नियमात?” मी म्हटलं.

“मग? इंजिनाचा काय गुन्हा आहे बाप्पा त्यात?”

पहिलं अंदाजपत्रक सहा हजार तीनशे चाळीसवर गेलं. तिने लॅपटॉप माझ्याकडे सरकवला. मी पुण्यात एका दैनिकात नऊ वर्षं उपसंपादक होतो, दुसऱ्यांचा मजकूर कापणं हे माझं काम होतं.

“काप,” ती म्हणाली. “बाराशे चाळीस शब्द जास्त झालेत असं समज.”

सल्ल्यासाठी आम्ही प्लेनोच्या एका काकांकडे गेलो. ते निवृत्त होते आणि बऱ्याच वर्षांपूर्वी त्यांनी याच योजनेत गाडी आणली होती. त्यांचा तक्ता अजून त्यांच्याकडे होता. चाळीस ओळींचा. तेविसावी ओळ ‘स्वच्छतागृह’ अशी होती.

“तिकडे हायवेवर पैसे पडतात त्याला,” काका म्हणाले. “माणशी सत्तर सेंट. मी दिवसाला तीन धरले होते.”

“आणि मला पाणी पिऊ देत नव्हते,” काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या.

“अगं, बजेट म्हणजे बजेट.”

“चांगलं आठ दिवस तहानलेलं ठेवलं हो. गाडी मात्र फुल टँक.”

काकांचा मुख्य सल्ला असा होता, की हॉटेल नाश्त्यासकट घ्यायचं आणि नाश्त्याला दुपारचंही जेवून घ्यायचं. उकडलेली अंडी कागदी रुमालात नीट राहतात, हे त्यांनी हाताने गुंडाळून दाखवलं.

मी कापायला लागलो. आठ दिवसांचे सहा केले. चारशे वाचले. खाण्याच्या रकान्यात भडंग, मेथीचे ठेपले आणि गरम पाण्यात होणारे पोहे घातले. एकशे ऐंशी वाचले. जहाज समुद्रात असताना गाडीचे दोन हप्ते भरावे लागणार होते, ते मी प्रवासखर्चात नव्याने घालून पाहिले. बायकोने ती ओळ खोडली. तो गाडीचा खर्च आहे, प्रवासाचा नाही, असं तिचं म्हणणं. वीस वर्षं बँकांसाठी काम केलेल्या माणसाशी या विषयावर वाद घालता येत नाही. भारतीय पासपोर्टवर युरोपचा व्हिसा लागतो, त्याची फी दोन माणसांची होती आणि ती कापता येत नव्हती. तरी सहाशे साठ डॉलर उरलेच.

ते तारखांनी भागवले. विमानाचे दर मी रोज सकाळी चहा घेताना पाहत असे. जूनमध्ये परवडत नव्हतं, जुलै-ऑगस्टमध्ये तर नाहीच. सप्टेंबरच्या अखेरीस मात्र एक पंधरवडा असा सापडला, की दोन तिकिटांत आणि हॉटेलांत मिळून सातशे डॉलर कमी. त्या दिवसांत कारखान्याच्या तारखाही मोकळ्या होत्या. एकूण बेरीज पाच हजार साठ. अटीच्या आत चाळीस डॉलर. आम्ही तिकिटं काढली. स्वस्तातली होती, म्हणून बदलता न येणारी.

रविवारी पुण्याला व्हिडिओ कॉल झाला. आईला तारीख सांगितली. आई जागची उठली, स्क्रीनवर थोडा वेळ भिंत आणि पंखा दिसला, आणि ती कॅलेंडर घेऊन परत आली.

“अरे, पितृपक्ष आहे.”

खरं तर हे मला कळायला हवं होतं. आमच्या दैनिकात त्या पंधरवड्यात गाड्यांच्या जाहिराती आटत. एरवी चार ओळींसाठी भांडणारे आम्ही त्या दिवसांत पान कसं भरायचं याची चिंता करत असू. नऊ वर्षं मी पितृपक्ष पंचांगाशिवाय, नुसत्या रिकाम्या जागेवरून ओळखला होता. आणि फ्रिस्कोत बसून मी नेमका तोच पंधरवडा स्वस्त म्हणून निवडला.

“तारीख बदल,” आई म्हणाली.

“बदलता येत नाही. पैसे जातील.”

“त्याच आठवड्यात तुझ्या बाबांची तिथी आहे. इकडे तुझा भाऊ पान वाढणार, आणि तू तिकडे नवी गाडी घेऊन हिंडणार?”

बायको आतापर्यंत स्क्रीनच्या बाहेर होती. ती आत आली. तिचा या गोष्टींवर विश्वास नाही आणि आईला ते ठाऊक आहे. पण सासूचा विरोध असताना नव्या गाडीत बसायचं, हेही तिला नको होतं. तिने मला खूण केली, म्हणजे बोलायचं मी.

मी मुद्देसूद बोललो. गाडीचे पैसे आम्ही गणपतीतच भरणार, म्हणजे खरेदी पितृपक्षाच्या आधीची. गाडी टेक्सासमध्ये आमच्या दारात येणार ती दिवाळीच्या सुमाराला, म्हणजे गृहप्रवेश पितृपक्षानंतरचा. मधल्या काळात जर्मनीत जे होईल त्याला ताबा म्हणता येईल का, हा प्रश्न आहे.

यावर आईने एक गोष्ट सांगितली, जी मी पन्नास वर्षांत ऐकली नव्हती. बाबांनी पहिली स्कूटर पितृपक्षातच घेतली होती. गिऱ्हाईक नसतं म्हणून दुकानदाराने भाव पाडला होता. पैसे भरले आणि स्कूटर दुकानातच ठेवली, घटस्थापनेला घरी आणली.

“मग झालं तर,” मी म्हटलं.

“काय झालं? त्या दिवसांत त्यांनी ती चालवली नाही. रोज ऑफिसमधून येताना नुसती बघून यायचे.” मग आईने निकाल दिला. “दिवाळीच्या पाडव्याला पूजा करा. तोपर्यंत ती गाडी आपली नाही. लोकांची आहे असं समजून चालवा.” आणि सुनेला म्हणाली, “ऐंशीच्या वर न्यायची नाही. मला शब्द दे.”

बायको माझ्याकडे पाहत होती. स्क्रीनवर ते दिसत असणार.

“किलोमीटर ना, आई?”

“मग काय फर्लांग?”

“बरं. ऐंशी.”

कॉल संपल्यावर मी म्हटलं, की आईला तिकडचं काय कळणार. ती म्हणाली, “तू दिला असतास शब्द, तर मोडला असता मी. मी दिलाय ना आता.”

त्यानंतर तिने रद्द करण्याचीही भाषा केली. ऐंशीनेच जायचं तर प्लेनोतून काय वाईट? पण तिकिटं परत होत नव्हती. आम्ही गेलो.

कारखान्यात एका चकचकीत दालनात गाडी फिरत्या चौथऱ्यावर उभी होती. एका तरुण अधिकाऱ्याने बायकोला पन्नास मिनिटं सगळी बटणं समजावली. तिने त्याला गिअरबॉक्सबद्दल चार प्रश्न विचारले, त्यातल्या दोनांसाठी त्याला फोन करावा लागला. बाकी ग्राहक फोटो काढत होते. माझ्या पिशवीत ठेपले होते.

दिवस कापल्यामुळे गाडी चालवायला आम्हाला एकच दिवस मिळाला होता. दुपारी चारच्या आत ती कंपनीच्या आवारात परत द्यायची होती. दहा वाजता आम्ही हमरस्त्याला लागलो. अमेरिकेसाठी बनवलेली म्हणून काटा मैलांत होता. तिने तो पन्नासवर आणला, म्हणजे बरोबर ऐंशी किलोमीटर, आणि तिथेच ठेवला.

उजव्या लेनमध्ये आमच्या पुढे टोमॅटोचा ट्रक होता. मागे फर्निचरचा. थोड्या वेळाने मागच्याने आम्हाला ओलांडलं. डावीकडून गाड्या येत, दिसत आणि नाहीशा होत. मर्यादा संपल्याची पाटी आली आणि मागे पडली. तिने पाटीकडे पाहिलंही नाही. दीड तासात ती एकदाच बोलली. “हायवे छान बांधलाय.”

साडेअकराला आम्ही विश्रांतीच्या जागी थांबलो. मी काकांची तेविसावी ओळ खर्ची टाकून परत आलो, तर ती गाडीतच बसून होती, हात स्टिअरिंगवर. मी पुण्याला फोन लावला. तो गाडीच्या स्पीकरवर लागला, आणि आईचा आवाज सगळीकडून आला.

“पोचलात का? कशी आहे गाडी?”

“छान आहे, आई,” बायको म्हणाली.

“किती वेगात चालवलीस?”

“ऐंशी.”

“शाब्बास. आणि बाकीचे?”

“बाकीचे पुढे गेले.”

आई हसली नाही. “या सगळ्याला खर्च किती आला, ते तुम्ही सांगितलंच नाहीत.”

मी सांगितलं, की तो गाडीवरच्या सवलतीत वळता होतो, त्यामुळे खर्च असा म्हणता येणार नाही. आई म्हणाली, आकडा सांग. मी पाच हजार साठ डॉलर म्हटलं. पलीकडे आई गुणाकार करत होती. तिला डॉलरचा भाव रोज पेपरात पाहायची सवय आहे.

“सव्वाचार लाख!”

“सवलतीत वळते होतात, आई.”

“सव्वाचार लाख रुपये घालून तू तिला जर्मनीला नेलंस, आणि ती ट्रकच्या मागे चालवतेय?”

“तूच शब्द घेतलास.”

“मला काय माहीत इतके जातात ते! मला वाटलं कंपनी नेते.” मग तिचा आवाज बदलला. “काय गं, तुला किती जायचं होतं?”

बायकोने एकदा माझ्याकडे पाहिलं. “शंभर, आई. पण मैल. किलोमीटरमध्ये एकशे साठ होतात.”

आईच्या मागे प्रेशर कुकरची शिट्टी ऐकू आली.

“रस्ता मोकळा आहे?”

“आत्ता आहे.”

“मग जा. तुझ्या सासऱ्यांना मी इथे सांगते. आठ दिवस नुसती बघून यायचे, ते समजून घेतील. पट्टे लावलेत दोघांनी? फोन ठेवू नका, मी थांबते.”

आम्ही पुन्हा हमरस्त्याला लागलो. पाटी आली. तिने मागे पाहिलं, आरशात पाहिलं, इंडिकेटर दिला आणि डाव्या लेनमध्ये गेली. साठ, सत्तर, ऐंशी मैल. इंजिनाचा आवाज फारसा वाढला नाही. झाडं मात्र जवळ आली. माझा उजवा पाय, जिथे ब्रेक नव्हता अशा जागी, घट्ट दाबलेला होता.

“किती?” गाडीभर आई.

“नव्वद, आई.”

“हात दोन्ही आहेत ना स्टिअरिंगवर?”

“आहेत. पंच्याण्णव.”

शंभरावर काटा आला आणि तिने तो तिथेच धरला. मी मनात मोजत होतो. एकवीसपर्यंत मोजलं. या एकवीस सेकंदांत तिने एकदाच श्वास सोडला, लांब. एवढी वर्षं संसार करूनही असा श्वास मी तिच्याकडून ऐकला नव्हता.

“झाले का?” आईने विचारलं.

“झाले, आई.”

“बरं. आता ये खाली.”

तिने पाय उचलला, इंडिकेटर दिला आणि उजव्या लेनमध्ये एका ट्रकच्या मागे लागली.