मुंगीचा डूख

हॉस्पिटलच्या धुलाईघरात ती चादरींना इस्त्री करायची. अंगाने एवढीशी, म्हणून सगळे तिला मुंगी म्हणत. उभं राहून राहून पाठीचे तुकडे पडायचे. त्यावर औषधांच्या दुकानदाराने दिलेल्या वेदनाशामक गोळ्यांची अशी चटक लागली, की गोळी चुकली तर हात थरथरायचे. दिवस राहिले तशी ती घाबरली आणि नवऱ्याला घेऊन व्यसनमुक्ती केंद्रात गेली.

अधीक्षकाने मानसुद्धा वर केली नाही. "पोटुशी बाई आम्ही घेत नाही. आधी मोकळी हो, मग ये."

"साहेब, तोवर बाळाचं काय?"

"ते गोळ्या गिळताना नाही सुचलं?"

बाकावरची माणसं फिदीफिदी हसली. मुंगीने घरी येऊन सगळ्या गोळ्या मोरीत ओतल्या. ती पाण्याबाहेरच्या मासळीसारखी तडफडली. अवेळी कळा आल्या. मुलगी झाली ती गेलेलीच.

पुढे दुसऱ्या दवाखान्यातल्या वयस्कर सिस्टरने औषध देऊन तिला हळूहळू त्यातून बाहेर काढलं. एकदा मुंगीने विचारलं, "हे औषध पोटात बाळ असताना चालतं?"

सिस्टर घुटमळली. "चालतं गं. एकदम बंद करणंच धोक्याचं."

त्या दिवशी मुंगीने डूख धरला. नवरा म्हणायचा, "सोड आता."

"तू सोड. मी नाही सोडणार."

शेजारच्या गल्लीतल्या दारू पिणाऱ्या गरोदर पोरीलाही केंद्राने हाकलल्याचं कळलं, तेव्हा मुंगीने तिला आधी सिस्टरच्या हवाली केलं. मग तिलाच घेऊन ती पुन्हा केंद्रात गेली. सोबत साध्या साडीत एक बाई होत्या, पोरीची आत्या म्हणून.

अधीक्षकाने तेच ऐकवलं, वर एक शिवी हासडली. आत्याबाई शांतपणे उठल्या. "मी आरोग्य खात्याची तपासनीस. या बाईंच्या तक्रारीवरून आलेय. परत बोला, लिहून घेते."

अधीक्षकाचा चेहरा पांढराफटक पडला. मुंगी ते डोळे भरून बघत राहिली.

चौकशी लागली, खुर्ची गेली. एका संध्याकाळी तो मुंगीच्या दारात आला. "तक्रार मागे घ्या, बाई. माझी मुलं शिकताहेत."

तिने त्याला पाणी दिलं. शेवटच्या घोटापर्यंत पिऊ दिलं.

"मुलं आहेत ना? मग जा त्यांच्याकडे," ती म्हणाली आणि दार लावून घेतलं.

नवऱ्याने हळूच विचारलं, "आता तरी जीव थंडावला?"

"नाही," मुंगी म्हणाली. "पण भूक लागलीय. वाढ."