चीज फॅक्टरीचा नकाशा

आमच्या गावातल्या जुन्या चीज फॅक्टरीचे फ्लॅट झाले. त्यांचे नकाशे मी काढले आहेत. हे मी सहसा कुणाला सांगत नाही.

गाव मँचेस्टरपासून तासाभरावर. बाबांना तिकडे नोकरी लागली म्हणून आम्ही गेलो. अख्ख्या गावात मराठी घर एकच, आमचं. मी शाळेत जायला लागले आणि आई फॅक्टरीत लागली. लाल विटांची दुमजली इमारत. खाली दुधाच्या टाक्या, वर चीज मुरवायची लांबलचक खोली. आईचं काम वर. कापडात गुंडाळलेले, जात्याएवढे जड गोळे फळ्यांवर ओळीने मांडलेले असत. ते नेमाने पालथे करावे लागत, नाहीतर ओल एकाच बाजूला उतरते. सतरा वर्षं तिने ते केलं. फॅक्टरी बंद झाली त्या दिवशी प्रत्येकीला चहाचा एक मग मिळाला. आईचा उजवा खांदा मात्र कायमचा गेला. अजूनही ती डाव्या हाताने केस विंचरते.

इमारत बरीच वर्षं कबुतरांची होती. मग गावातला दवाखाना बंद झाला आणि लोकांच्या मनात आलं, फॅक्टरीत खाली दवाखाना करावा, वर हॉल. आईबरोबर काम केलेल्या बायकांनी घरोघर जाऊन सह्या गोळा केल्या. खांदा दुखत असूनही आई दोन गल्ल्या फिरली.

तेवढ्यात एका बिल्डरने इमारत घेतली आणि मी आर्किटेक्ट म्हणून नोकरी करत होते त्याच ऑफिसात ते काम आलं. मी ते मागून घेतलं. वाटलं, आपण आत असलो तर गावाचं भलं होईल. पहिल्या नकाशात मी खाली दवाखाना दाखवला, व्हीलचेअरसाठी उतारसुद्धा. बिल्डरने त्यावर आडवी रेघ मारली.

"गावाला काय हवंय ते कौन्सिल बघेल," माझा बॉस म्हणाला. "क्लायंटला हवं ते तू काढ."

मी काढलं. नऊ फ्लॅट.

गावकऱ्यांपुढे नकाशे मांडायची वेळ आली तेव्हा बॉसने मलाच पाठवलं. "तू तिथलीच ना? तुझं ऐकतील."

चर्चच्या हॉलमध्ये आई तिसऱ्या रांगेत बसली होती. चार लोकांत ती कधी बोलत नसे, आपल्या इंग्रजीची तिला लाज वाटायची. त्या दिवशी ती उभी राहिली आणि शब्द जुळवत तिने मला इंग्रजीत विचारलं, "दवाखाना कुठे असेल?"

"त्याचा विचार पुढच्या टप्प्यात होणार आहे," मी म्हणाले.

पुढचा टप्पा नव्हताच. मला ते माहीत होतं. तिच्याकडे न बघता मी स्क्रीनवर पुढचं चित्र लावलं. मागे बसलेल्या तिच्या मैत्रिणींनी टाळ्या वाजवल्या. आपल्या बाईने विचारलं आणि नीट उत्तर मिळवलं, असं त्यांना वाटलं.

परवानगी मिळाली. मुरवायच्या खोलीत आता बेडरूम आहेत, आणि जुन्या फळ्या तेवढ्या शोभेसाठी भिंतीवर ठेवल्यात. फ्लॅट घेणारी माणसं शुक्रवारी येतात, रविवारी जातात. जवळचा दवाखाना अकरा मैलांवर आणि बस दिवसातून दोनदा. बाबा आता नाहीत. म्हणून महिन्यातून एकदा मी सुट्टी घेते आणि आईला तिथे नेते.

मागच्या खेपेला गाडीत मी शेवटी विचारलंच.

"आई, माझ्यावर रागावली आहेस?"

"कशाबद्दल?"

"फॅक्टरीबद्दल."

ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "बायका अजून विचारतात गं, तुझी मुलगी तर पुढच्या टप्प्यात म्हणाली होती. मी सांगते त्यांना, माझी मुलगी खोटं बोलणाऱ्यातली नाही. वरच्यांनी तिलाच फसवलं असणार."

मग वळून म्हणाली, "फसवलंच ना त्यांनी तुला?"

समोर ट्रॅक्टर होता. मी बराच वेळ त्याच्या मागे राहिले, ओव्हरटेक करता येत होतं तरी.

"हो," मी म्हणाले.

"वाटलंच मला," आई म्हणाली, आणि डाव्या हाताने तिने माझ्या दंडावर थोपटलं.