उजव्या बाजूची वाटी

दोन हजार तेवीस साल होतं. मी बहात्तर वर्षांचा होतो आणि रोज पोराच्या मोटारसायकलवर मागे बसून शेतात जात होतो.

डोळ्याचं ऑपरेशन झालं त्याच महिन्यात पोरानं माझी मोपेड विकली. मला विचारलं नाही. डॉक्टरनं नीट दिसतं म्हणून सांगितलं होतं, पण ते ऐकायला पोरगा थांबला नव्हता. आमचं पपईचं शेत गावापासून दोन कोस. सकाळी तो गाडीला किक मारतानाच ओरडायचा, "आबा, बठा मांगे, माले उशीर व्हई ऱ्हायना." मी बसायचो. परत यायचं ते त्याचं काम आटोपेल तेव्हा. तोवर माझं काम संपलं तरी बांधावर बसून राहायचं. घरात जुनी काळी सायकल होती, पण ती रेड्यासारखी जड. जरा चढ लागला की माझा गुडघा ऐकत नसे.

मग नंदुरबारला एका भंगारवाल्याकडे ती दिसली. शर्यतीची सायकल, बारीक चाकांची, मेंढ्याच्या शिंगासारख्या वळलेल्या हँडलची. रंग गेलेला, चेन गंजून काठीसारखी ताठ झालेली. पण सांगाडा पोलादी, सरळ, कुठे चीर नाही. एका हातानं उचलली तर वर आली. मी तिथंच ठरवलं की आता शेतात जाईन तो हिच्यावर, आणि परत येईन तो मला वाटेल तेव्हा.

गावात सायकलचं दुकान एकच, माझ्या बरोबरीच्या एका म्हाताऱ्याचं. लहानपणी आम्ही एकाच वर्गात नापास झालेलो. टेम्पोतून सायकल उतरवताना त्यानं पाहिली आणि रस्ता ओलांडून आला.

"भो, हाई आपली गल्लीनी सायकल नही. हाई विलायती शे. माले दे, मी देखस."

"तू पंक्चर देख," मी म्हटलं. "साखर कारखान्यात आम्ही बॉयलरचे नट खोललेत."

"बॉयलरले पायडल ऱ्हातस का रे?" असं म्हणून तो हसत निघून गेला. चार लोकांनी ऐकलं. मग तिच्या एका बोल्टलाही त्याचा हात लागू द्यायचा नाही असं मी मनाशी बोललो.

चाकं जमली. ब्रेकच्या तारा जमल्या. चेन डिझेलमध्ये बुडवून ठेवली, तीही सुटली. पायडलचे दांडे ठोकून काढले. अडलं ते वाटीपाशी. पायडलचा आडवा एक्सल सांगाड्यात दोन वाट्यांमध्ये फिरतो. डावीकडची वाटी निघाली. उजवी, चेनच्या बाजूची, हलेना. आता, आमच्याकडच्या सायकलींना ही उजवी वाटी उलट्या आट्यांची असते. सगळं जग डावीकडे फिरवून खोलतं, ती एकटी उजवीकडे फिरवून खोलायची. हे ज्याला माहीत नाही तो वाटी फोडतो. मला माहीत होतं. म्हणून मी उजवीकडे फिरवत होतो.

तेल सोडलं. गरम केलं. पान्याला लोखंडी पाईप चढवला आणि त्यावर सगळा भार टाकला. पाईप वाकला, वाटी तशीच. कमरेत उसण भरली. मी सायकलला शिव्या घातल्या, भंगारवाल्याला घातल्या, सुरतेपासून विलायतेपर्यंत कोणाला सोडलं नाही. बायको धान्य पाखडत ओट्यावरून बघत होती.

"आवो, दुकानमा लई जा ना तिले. तठे काय तुम्हनं नाक कापाई जाई का?"

"जाई," मी म्हटलं.

"मंग बठा पोरना मांगे," ती म्हणाली आणि सूप आपटलं.

त्या बोलण्यानं मला जो राग आला, त्या रागात मी पाईपवर उभाच राहिलो. कट्ट असा आवाज झाला. वाटलं, सुटली. पाहिलं तर वाटी जागेवर आणि पाना तिच्यावर घट्ट अडकलेला. तो तरी निघावा म्हणून खालच्या अंगानं हातोडी मारली, आणि पाना डावीकडे सरकला तो वाटी घेऊनच.

डावीकडे. सरळ आट्यांची होती ती. ती ज्या देशात बनली तिथं तसंच करत असतील. इतके दिवस मी तिला खोलत नव्हतो, आवळत होतो.

वाटी बोटांनी फिरवून काढली. तिच्याबरोबर सांगाड्याच्या आतले आटे निघून आले, केसासारखे, चकचकीत. आत बोट घातलं तर गुळगुळीत. आता त्यात कोणतीच वाटी धरणार नव्हती.

"निंघनी का?" बायकोनं विचारलं.

"निंघनी."

ती उठली आणि खूश होऊन गुळाचा चहा करून आणला. मी तो पिऊन टाकला.

संध्याकाळी दुकानवाला आलाच. त्यानं आत बोट घालून पाहिलं, मग वाटीचे आटे निरखले. मी टोमण्याची वाट बघत होतो. तो म्हणाला, "मी बी उजवीकडेच फिरवतू, भो." टोमणा मारला असता तर बरं झालं असतं. मग त्यानं सांगितलं की नंदुरबारला लेथवाला आहे, तो मोठे आटे पाडून देईल, वाटी मात्र नवीन बनवावी लागेल. पोरगा तिथंच होता. म्हणाला, "रविवारले मी लई जाईन, आबा. मांगे बठा, सांगाडा मांडीवर धरा."

मी म्हटलं बघू.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो उठायच्या आधी मी सांगाडा खांद्यावर टाकला आणि फाट्यापर्यंत चालत गेलो. पहिली एसटी आली. कंडक्टर म्हणाला, "बाबा, तुमचं अर्धं, याचं पूर्ण." मी दोन्ही तिकिटं घेतली आणि खिडकीजवळ बसलो.